अम्मीची खिडकी

आमच्या मर्सिडीजची मागची उजवी काच कधी खाली गेल्याचं मला आठवत नाही.

'आमची मर्सिडीज' असं लिहिताना जरा संकोच होतो. बंगला, ड्रायव्हर, सोन्याची साखळी असं काहीतरी तुमच्या डोळ्यांपुढे येईल. तसं काही नाही. अब्बा कुवेतमध्ये क्रेन चालवायचे. चौदा वर्षं चालवली आणि १९८९ साली कायमचे गावी आले, ते ही गाडी घेऊन. तेव्हा बाहेर राहून परतणाऱ्याला स्वतःची गाडी आणायची सवलत होती, पण ड्युटी अशी की गाडीपेक्षा कागद महाग. कोकणातल्या आमच्या गावांत प्रत्येक वस्तीला अशी एखादी गाडी किंवा एखादा मोठा टेपरेकॉर्डर असायचाच. माणसानं वाळवंटात काय केलं, याचा तो पुरावा.

गाडी १९८४ ची, २४० डी. मर्सिडीजवाले या जातीला डब्ल्यू १२३ म्हणतात. १९७५ च्या अखेरीपासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत अशा जवळपास २७ लाख गाड्या बनल्या. जर्मनीत त्या टॅक्सी म्हणून धावल्या, मोरोक्कोत तर अगदी अलीकडेपर्यंत धावत होत्या. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पळत नाही पण मरतही नाही. विजेवर चालणाऱ्या खिडक्या या गाडीत सरसकट येत नसत, जास्तीचे पैसे भरून घ्याव्या लागत. आमच्या गाडीच्या पहिल्या मालकानं त्या घेतल्या होत्या. गिअरच्या दांड्याजवळ चार बटणं, चार काचांची. गावातली पोरं ती बटणं बघायला यायची.

कुवेतची गाडी म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आपल्या रस्त्यावर अशा गाडीत पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर ड्रायव्हरला समोरचं दिसतच नाही. म्हणून पुढे उजव्या बाजूला कायम कुणीतरी पुरुष माणूस बसायचा, बहुतेक वेळा मामू, आणि 'आहे… आहे… निघ!' असं ओरडायचा. अम्मी मागे उजवीकडे. तीच तिची जागा, आणि तीच न उघडणारी खिडकी.

अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं. मोटर गेलीय, पार्ट मिळत नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा म्हटलं, की आता असले पार्ट परदेशातून मागवता येतात, मी मागवतो. अब्बा एकदम चिडले. 'राहू दे. तीन चालतात ना?' मला वाटलं, पैशाला जपतात. त्यांची चिकाटी म्हणा, चिक्कूपणा म्हणा, घरात चेष्टेचाच विषय होता. मीही त्या चेष्टेत असायचो.

गेल्या वर्षी अब्बा गेले. अम्मीची इद्दत संपली तेव्हा पाऊस संपत आला होता. दापोलीला खालाकडे जायचं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या गाडीनं जाऊ, एसी आहे. ती म्हणाली, 'नको. त्यांच्या गाडीनं जाऊ.' आणि थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, 'तेवढी माझी काच होते का बघ. एसीत मला मळमळतं, आणि त्या खिडकीतून मला कधी वारा लागलेला नाही.'

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात माझ्याकडे केलेली ही बहुतेक तिसरी मागणी असावी. मी हो म्हटलं.

आता एक कबुली. मी कॉलेजात मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये कुणाची स्कूटर बंद पडली की सगळे माझ्याकडे बघतात, कारण मुसलमान म्हणजे त्याला पाना धरता येणारच. 'सर, तुमच्यात हे सगळ्यांना येतं ना?' असं अगदी प्रेमानं विचारतात. मला काहीही येत नाही. आमच्या घरात ज्यांच्या हाताला ते होतं, ते गेले. तरी गॅरेजमध्ये गाडी न्यायची नाही, असं मी का ठरवलं, कोण जाणे. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, अब्बांची पान्यांची पेटी काढली आणि एका रविवारी सकाळी अंगणात दार उघडून बसलो.

आधी सोपं ते तपासायचं. फ्यूज. या गाडीचे फ्यूज म्हणजे सिरॅमिकच्या छोट्या कांड्या, दोन टोकं टोकदार, स्प्रिंगच्या पट्ट्यांत अडकवलेल्या. आपल्या दमट हवेत त्या टोकांवर बुरशीसारखा थर चढतो. बोटांनी जागच्या जागी चार वेळा फिरवल्या तरी निम्मे बिघाड जातात. मी फिरवल्या. काच हलली नाही. मग बटण. चालणाऱ्या खिडकीचं बटण काढून या खिडकीला लावलं. बटण चांगलं होतं. म्हणजे दार उघडणं आलं.

दाराच्या आतल्या बाजूच्या गादीला मेकॅनिक लोक डोअर पॅड म्हणतात. आर्मरेस्टचे स्क्रू, हँडलभोवतीचं झाकण, लॉकची गुंडी, एवढं काढलं की पॅड फक्त क्लिपांवर राहतं. पातळ पट्टी सरकवून एकेक क्लिप टक् टक् सोडवायची आणि पॅड वर उचलून काढायचं. घाई केली की पुठ्ठा फाटतो. माझा एका कोपऱ्यात फाटला. त्याच्यामागे डिंकानं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. तो कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. दाराच्या आत पाणी येतंच. काचेवरचा पाऊस रबराच्या फटीतून आत उतरतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जातो, दाराची रचनाच तशी आहे. कागद असतो तो हे पाणी माणसाच्या बाजूला येऊ नये म्हणून. दारं आतून कुजतात ती पावसानं नाही, ती भोकं पाल्यानं बुजली म्हणून. आमची भोकं स्वच्छ होती. दर पावसाळ्याआधी अब्बा एका वाकवलेल्या तारेनं दारांखाली काहीतरी खुडबुड करायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा.

टॉर्च मारला. मोटर दिसली, पेरूएवढी. तिच्यापर्यंत आलेली वायर मात्र तिला जोडलेली नव्हती.

तुटली असती तर मला आश्चर्य वाटलं नसतं. दार आणि गाडीच्या सांध्यात वायर हजारो वेळा वाकते आणि आतल्या आत तुटते, हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा आजार आहे. पण ही तुटलेली नव्हती. काढलेली होती. प्लगच्या दोन्ही टोकांना काळी टेप, तीन-चार वेढे, वरून सुतळीची गाठ, आणि सगळं दाराच्या पत्र्याला नीट बांधलेलं, हलू नये, घासू नये म्हणून. ती गाठ मी ओळखतो. आमच्या माळ्यावरच्या प्रत्येक गठ्ठ्याला तीच आहे.

मी फोटो काढून भाईजानला पाठवला. भाईजान माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, मुंब्र्याला असतात. गाडी विकून टाकावी, असं त्यांचं म्हणणं. जुन्या गाड्यांचा शौक असलेले लोक आता बरे पैसे देतात, हे खरंही आहे. मी गमतीनं लिहिलं, 'बघा, अब्बांची कंजुसी. मोटर गेली नव्हतीच, प्लग काढून ठेवला होता.'

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासानं फोन आला. माझे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. अम्मी पायरीवर बसून लसूण सोलत होती.

भाईजान म्हणाले, 'तुझं बोट दारात सापडलं नव्हतं.'

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख तिरकं वाढतं. मी तीन वर्षांचा असताना बोट गाडीच्या दारात सापडलं, टाके पडले, एवढं घरात सगळ्यांना माहीत. मलाही तेवढंच माहीत.

ऑगस्ट १९९० ची गोष्ट. इराकनं कुवेत घेतलं होतं आणि धाकटे चाचा तिकडे अडकले होते. फोन लागत नव्हते. अब्बा रोज बाजारात जाऊन एसटीडी बूथवरून मुंबईत ओळखीच्या लोकांना फोन लावायचे, कुणाची काही खबर आली का विचारायला. त्या दिवशी आम्हा दोघांना बरोबर नेलं होतं. इंजिन चालूच ठेवलं, दोन मिनिटांचं काम म्हणून, आणि बूथवर रांग होती. भाईजान ड्रायव्हरच्या सीटवर चढले. नऊ वर्षांचं पोर आणि समोर चार बटणं. मी मागे उजवीकडे उभा राहून काचेवर हात ठेवून बाहेर बघत होतो.

आजच्या काही गाड्यांत असं झालं तर काच अडथळा ओळखून परत खाली जाते. काच वर करायला बटण उचलावं लागतं, चुकून गुडघा पडला तर ती वर येत नाही. हे शहाणपण पुष्कळ पोरांची बोटं आणि काहींचे जीव गेल्यावर आलं. १९८४ च्या मोटरला यातलं काही माहीत नाही. तिला वर म्हटलं की ती वर.

'मी घाबरून बटण दाबूनच धरलं,' भाईजान म्हणाले. 'सोडायचं असतं ते सुचलंच नाही. अब्बा पळत आले. दवाखान्यातून येताना म्हणाले, दारात सापडलं म्हणून सांगायचं. हे आपल्या दोघांत. अम्मीला सांगायचं नाही.' मग थोडा वेळ नुसता मुंब्र्याचा रस्ता ऐकू येत होता. 'प्लगचं मला माहीत नव्हतं. मलाही मोटर गेली म्हणूनच सांगितलं होतं.'

मी अम्मीकडे बघितलं. तिच्या हातातला लसूण तसाच होता. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, 'म्हणजे मोटर चांगली होती?'

आम्ही दोघंही काही बोललो नाही.

'मुलं मोठी झाली. तुझं लग्न झालं. त्याची पोरं कॉलेजात गेली. तरी जोडायचं सुचलं नाही? मला सांगितलं असतं तर मी काय करणार होते?' हे ती आम्हाला विचारत नव्हती. असरची अजान झाली तेव्हा उठून आत गेली.

तो प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे. अब्बांनी खोटं बोलल्याचं मला दुसरं एकही उदाहरण माहीत नाही. दुकानदारानं चुकून जास्त दिलेले आठ आणे परत द्यायला ते दोन मैल चालत गेलेले आहेत. हे एक खोटं मात्र त्यांनी तीस वर्षांहून जास्त सांभाळलं. भाईजानना वाचवायला की स्वतःला, कारण पोरांना चालू गाडीत सोडून तेच गेले होते? आम्ही मोठे झाल्यावर प्लग जोडायचा तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून टाळत गेले असतील. किंवा चौथी खिडकी न उघडणं हीच त्यांना गाडीची नीट अवस्था वाटत असेल. काही असो, किंमत भरली ती अम्मीनं, आणि तिला बिल कशाचं हेसुद्धा माहीत नव्हतं. आपल्याकडे काळजीचा हिशोब बऱ्याचदा असाच लागतो.

मी टेप कापली, प्लग साफ केला, जोडला. बटण दाबलं. दारातून एक 'टक' आलं आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबलं, फ्यूज उडाला. मोटर चांगली होती, १९९० साली. इतकी वर्षं न फिरलेली मोटर आता जाम झाली होती.

तेव्हा ती काढणं आलं. इथे एक गोष्ट व्हिडिओवाले घसा फोडून सांगतात, आणि मीही सांगतो. काच उचलणाऱ्या लोखंडी यंत्रणेला गॅरेजमध्ये काच मशीन म्हणतात. तिच्यात पंख्यासारखी दातेरी पट्टी असते आणि मोटरचं छोटं चाक त्या दातांत बसतं. मोटर काढली की ती पट्टी मोकळी होते. काचेचं वजन तिच्यावर असतं, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ताणलेली स्प्रिंगही असते. पट्टी फटकन फिरली तर मधलं बोट राहत नाही. माझ्या बोटाचा इतिहास ताजाच होता. काच वरच होती. ती मी मास्किंग टेपनं दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटवली, खाली लाकडाची पाचर मारली, दातेरी पट्टी लॉकिंग पक्कडीनं पत्र्याला धरून ठेवली, आणि मगच मोटरचे बोल्ट सोडवले. शेवटचा बोल्ट अर्धा तास हलेना. रॉकेल सोडलं, चहा घेतला, मग हलला.

मोटर उघडल्यावर कळतं की ही किती साधी वस्तू आहे. दोन चुंबक, मधे तांब्याची तार गुंडाळलेलं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याचा पट्ट्यापट्ट्यांचा गोल, आणि त्याला दोन्हीकडून टेकलेले दोन कार्बन. कार्बनमधून वीज आत जाते. वायरी उलट केल्या की मोटर उलटी फिरते, म्हणून एकीकडे काच वर, दुसरीकडे खाली. आमच्या मोटरमधलं ग्रीस जुन्या गुळासारखं कडक झालं होतं. एक कार्बन त्याच्या खोबणीत अडकून बसला होता, दुसऱ्याचा कोपरा माझ्या हातून तुटला.

आर्मेचर आणि कार्बन डबीत घालून चिपळूणला वायंडिंगच्या दुकानात गेलो. त्या काकांच्या भिंतीवर डोक्याच्या वर एक रेघ आहे, २२ जुलै २०२१ च्या पुराची. रंग दिला तेव्हा तेवढी रेघ सोडली, म्हणतात. मी ऐटीत म्हटलं, ड्रिल मशीनचा कार्बन घासून बसवू या. काकांनी चष्म्यावरून बघितलं. 'सर, तो २३० व्होल्टचा. १२ व्होल्टला तांबं मिसळलेला कार्बन लागतो. नाहीतर मोटर फिरेल, पण जोर लावणार नाही.' त्यांनी एका वायपर मोटरचे कार्बन काढले आणि पॉलिश पेपरवर घासून घासून मापाला आणले. तांब्याचा गोल बारीक काचपेपरनं हलका साफ केला. एमरी वापरायची नाही, तिची पूड वीज वाहून नेते आणि पट्ट्यांच्या मधे अडकते. तेही त्यांनीच सांगितलं. पट्ट्यांमधल्या फटी सुईनं कोरल्या. पैसे विचारले तर म्हणाले, 'तुमच्या वडिलांनी पुरानंतर माझं लेथ उचलायला माणसं पाठवली होती. कार्बनचे द्या.'

हेही आम्हाला माहीत नव्हतं.

घरी येऊन दाताच्या चाकाला नवं ग्रीस लावलं, तांब्याच्या गोलाला नाही. दोन कार्बन स्प्रिंगविरुद्ध मागे धरून आर्मेचर आत घालायचं तर तीन हात हवेत. अम्मी आली, तिनं दोन केसांच्या पिनांनी कार्बन अडकवून धरले. चुंबकानं आर्मेचर खटकन आत ओढलं, तिनं पिना काढल्या. गाडीच्या बॅटरीवरून दोन वायरी देऊन बघितली. मोटर हातात उसळली.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, काढलं त्याच्या उलट क्रमानं, आणि दुप्पट वेळ. काच ज्या रबरी खोबणीतून सरकते ती वाळली होती. तिला तेल लावू नका, तेलानं रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे मारा. प्लास्टिकचा कागद परत चिकटवला. संध्याकाळी काच खाली गेली. इतर काचांपेक्षा हळू, पण गेली. बाहेरच्या बाजूला काचेच्या तळाशी, जिथवर ती कधी पुसली गेली नव्हती, तिथे धुळीची एक पट्टी होती. मी फडकं आणलं. अम्मी म्हणाली, थांब, मी पुसते.

गाडी विकायचं भाईजान सध्या बोलत नाहीत. आले की बघू, म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दापोलीला निघालो. पुढे उजवीकडे माझा मुलगा, 'आहे, आहे' ओरडायला. खेड सोडल्यावर अम्मीनं काच पूर्ण खाली घेतली. ओढणी उडत होती, ती एका हातानं धरून बसली होती. दापोलीत मच्छीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांपाशी थांबवायला लावलं. इतकी वर्षं ती दार उघडून, एक पाय बाहेर ठेवून भाव करायची आणि अब्बा मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकून करवादायचे. आता खिडकीतून कोपर बाहेर काढून, बांगड्याचे कल्ले वर करून बघत, चांगली दहा मिनिटं भांडली. पिशवी आत घेतली. बटण दाबलं. काच सावकाश वर यायला लागली, आणि तिचा हात अजून कडेवर होता.

'अम्मी, हात! हात आत घे!' मी इतक्या जोरात ओरडलो की मच्छीवालीसुद्धा दचकली.

तिनं बटण सोडलं. काच थांबली. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, 'तू समोर बघ.' आणि पुन्हा बटण दाबलं.